पेशी मोजायची कशी?

पेशी दिसली, वहीत आकृती काढली, प्रयोग संपला, असं अनेक वर्गांत घडतं. मोजमाप राहूनच जातं. खरं तर त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकची मोजपट्टी पुरते.

सूक्ष्मदर्शकाच्या 4 पटीच्या वस्तुभिंगाखाली पट्टी ठेवा आणि दिसणाऱ्या उजळ वर्तुळाचा व्यास मोजा. तो 4.5 मिलिमीटर भरला, तर 10 पटीच्या भिंगाखाली 1.8 आणि 40 पटीच्या भिंगाखाली 0.45 मिलिमीटर होतो. वर्धन जितक्या पटीने वाढतं, तितक्या पटीने व्यास घटतो. मग आयोडीनने रंगवलेला कांद्याचा पापुद्रा 10 पटीच्या भिंगाखाली घ्या. व्यासावर लांबीच्या दिशेने सहा पेशी बसल्या, तर 1800 भागिले 6, म्हणजे एक पेशी 300 मायक्रोमीटर (1 मिलिमीटर म्हणजे 1000 मायक्रोमीटर). गालाच्या आतल्या अस्तराची पेशी साधारण 60 मायक्रोमीटरची, तर माणसाची तांबडी रक्तपेशी जेमतेम 7 ते 8.

पेशीविज्ञानाची सुरुवातही मोजणीनेच झाली, हे मुलांना आवर्जून सांगायला हवं. 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापातले कप्पे नुसते पाहिले नाहीत. एका इंचात ते हजाराहून अधिक बसतात, हा हिशेबही मांडला.

एकाच पेशीवर विसंबू नका, वेगवेगळ्या जागी मोजून सरासरी काढा. आणि आकृतीखाली नुसतं ‘100 पट’ न लिहिता पेशीची मोजलेली लांबीही लिहा.