उन्हात मोबाईलची अक्षरे कुठे जातात?

मोबाईल आता घरोघरी आहे. पण भर दुपारी खारघर स्टेशनबाहेर उभे राहून त्यावरचे बारीक अक्षर वाचून बघा बरे! माझी आई उत्सव चौकाजवळ भाजी विकते. गिऱ्हाईक म्हणते, "मावशी, पैसे टाकले हं." ते खरेच आले का, हे तिला उन्हात दिसत नाही. मग ती पदर आडवा धरते, नाहीतर मला म्हणते, "वाच रे, किती आले?" म्हणून मी ही माहिती मिळवली.

अक्षर नुसत्या रंगामुळे वाचता येत नाही. अक्षराचा उजेड आणि पाठीमागचा उजेड यांत फरक लागतो. त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. रेल्वेच्या पिवळ्या पाटीवरचे काळे नाव लांबून वाचता येते. तेच पिवळ्या स्केचपेनने पांढऱ्या कागदावर लिहा, जवळूनही दिसणार नाही. पिवळा तोच, शेजारी बदलला!

हा फरक मोजतातसुद्धा. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१ पट. पांढऱ्यावर पिवळे जेमतेम १ पट. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ साली नियम दिला, की बारीक अक्षराला निदान साडेचार पट आणि मोठ्याला ३ पट फरक हवा.

आता उन्हाचे गणित. सोपे आकडे घेऊ. घरात पडद्यावरच्या पांढऱ्याचा उजेड १०० आणि काळ्याचा ५, म्हणजे २० पट. बाहेर काचेवर ऊन पडून परत फिरते. ते दोन्हींत सारखेच मिसळते, समजा ९५. झाले १९५ आणि १००. वीस पटीचे दुपटीहून कमी झाले! अक्षर आधीच फिकट करडे असेल तर मग काय उरणार? ॲप बनवणाऱ्यांना असली फिकट अक्षरे छान वाटत असतील, मला मुळीच आवडत नाहीत.

आपल्या मराठीत तर पंचाईत जास्त. फिकट अक्षरात अनुस्वाराचा ठिपका आधी नाहीसा होतो आणि 'खंत' चे 'खत' होते. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत उजेड कमी शिरतो, त्यांना याचा त्रास अधिक. काहींना लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. त्यांना नुसता हिरवा ठिपका दाखवून काय उपयोग? 'पैसे आले' असे शब्दांत लिहायला हवे.

पालकांनो, फोनच्या सेटिंगमध्ये उजेड आणि अक्षरांचा आकार वाढवता येतो. पुष्कळ फोनांत अक्षरे ठळक करण्याची सोयही असते. आईच्या फोनवर मी अक्षर मोठे आणि पडदा पांढरा करून दिला. काळा पडदा रात्री ठीक, पण उन्हात त्याचा आरसा होतो आणि आपलेच तोंड दिसते!