थोरला घरी आला, धाकटी वाचायला लागली

न्हावरे (ता. शिरूर) : नोकरी सुटून पोरगा गावी आला, की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला, "परत कधी जायचं?" घरात मात्र दहा-पंधरा वर्षांनी लहान असलेली बहीण किंवा भाऊ त्याच्याकडे टक लावून बघत असतो. त्याच्या लेखी हा दादा म्हणजे दिवाळीला येणारा पाहुणाच!

शिरूर-चौफुला रस्त्यावरचे न्हावरे घोडगंगा साखर कारखान्यामुळे जिल्ह्याला माहीत आहे. इथली पोरं शिक्षण झालं की रांजणगावच्या एमआयडीसीत, नाहीतर चाकण-पुण्याकडे कामाला लागतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, कंपन्या थांबल्या आणि खेड्यापाड्यांतली अशी पोरं घरी परतली. त्याच महिन्यात शाळाही बंद झाल्या. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग भरले ते थेट १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं लेकरू वर्गात बसलं, तेव्हा ते दुसरीत होतं.

तेव्हाचं वस्तीवरचं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. थोरला बावीस-तेवीसचा, धाकटी सात वर्षांची. घरात मोबाईल एकच. थोरला कावलेला, पगार बंद, खोलीचं भाडं थकलेलं. धाकटी पाटी घेऊन आली की खेकसायचा, ती आईमागे लपायची. एका संध्याकाळी त्याने डेअरीची पावती तिच्या हातात दिली. "वाच बरं, दूध किती लिटर?" आकडा तिला कळला, अक्षरं कळेनात. मग रोज पावती, पुढे खताच्या गोणीवरचं नाव, शेवटी बालभारतीचं पुस्तक. "सहा लिटर दूध, तीस रुपये दर, किती झाले?" बोटं मोजून तिने १८० सांगितले, तेव्हा थोरल्याचाही चेहरा खुलला. रिकामा बसलेला माणूस घरात कुणाच्या तरी कामाला आला होता.

याला डीएड लागत नाही. पथ्य एवढंच, की दादाने मास्तर होऊ नये आणि हात उगारू नये. रात्रीच्या लाइटला पाणी धरून आलेला माणूस सकाळी चिडका असतो; त्याने संध्याकाळ धरावी. अर्धा तास पुष्कळ झाला.

केंद्र शासनाचे 'निपुण भारत' अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, हे त्याचे उद्दिष्ट असून मुदत २०२६-२७ ची आहे. एकट्या गुरुजींच्या माथी मारून हे काम व्हायचे नाही. शाळा व्यवस्थापन समितीने गावी परतलेल्या तरुणांना बोलवावे. ग्रामपंचायतीने संध्याकाळी एक खोली आणि उजेड द्यावा. खर्च फारसा नाही, इच्छा पाहिजे.

टाळेबंदी उठली, पोरं पुन्हा कामावर गेली. पण ज्या घरात असा अर्धा तास रुजला, तिथे सुट्टीला आलेला दादा पाहुणा राहत नाही. धाकटीच म्हणते, "दादा, आता तू वाच, मी तपासते."

तेव्हा पारावरच्या मंडळींनी "परत कधी जायचं?" हे जरा मागाहून विचारावं. आधी विचारावं, "धाकटीला आज काय वाचून दाखवलंस?"