हृदयाची लय आणि औषधांची मर्यादा

हृदयाचा ठोका चुकला की डॉक्टरने एक सुई टोचावी आणि काम भागावे, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा, ते आम्ही थोडक्यात सांगतो.

हृदयाच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेथून विजेची सूक्ष्म लहर ठराविक वाटेने खाली उतरते आणि ठोका पडतो. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १००. लहर अडली, वाट चुकली किंवा एकाच जागी चकरा मारू लागली की लय बिघडते. बिघाड निरनिराळे, म्हणून औषधेही निरनिराळी. ठोके फार मंदावले तर अ‍ॅट्रोपीन देतात. वरच्या व खालच्या कप्प्यांमधील गाठीतून लहर फिरत राहिली तर अ‍ॅडेनोसीन झटक्यात शिरेत सोडतात. ते गाठीची वाट क्षणभर रोखते, चक्र तुटते आणि काही सेकंदांत औषधाचा अंमलही संपतो. खालच्या कप्प्यांची लय सुटली तर अ‍ॅमिओडेरोन, किंवा दात काढताना हिरडी बधिर करणारे तेच लिग्नोकेन वापरतात.

यातला एक धडा रोग्यानेच दिला आहे. १९१२ साली डच वैद्य वेंकेबाख यांना एका व्यापाऱ्याने सांगितले की, कोयनेल घेतले म्हणजे आपली नाडी सुधारते; आणि दुसऱ्या दिवशी ते दाखवूनही दिले. त्यातूनच पुढे १९१८ साली क्विनिडीनचा उपयोग कळला.

परंतु लय सुधारली म्हणजे माणूस वाचलाच, असे नव्हे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पडणारे जादा ठोके एन्केनाइड व फ्लेकेनाइड यांनी थांबत. १९८९ साली अमेरिकेतील चाचणीत मात्र ही औषधे घेणाऱ्यांतच मृत्यू अधिक आढळले. २०१६ साली, विजेचा धक्का देऊनही लय न परतलेल्या ३०२६ जणांची चाचणी प्रसिद्ध झाली. अ‍ॅमिओडेरोन दिलेल्यांपैकी २४.४ टक्के, तर नुसते मिठाचे पाणी दिलेल्यांपैकी २१.० टक्के रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले. हा फरक निर्णायक ठरला नाही. कोसळताना ज्यांना कोणी पाहिले होते, त्यांना मात्र औषधाचा लाभ दिसला.

तेव्हा औषधाआधी हवेत ते शेजाऱ्याचे डोळे आणि हात. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ ला कळवावे आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबत राहावे. याला पदवी लागत नाही. प्रत्येक पाळीत निदान दोघांना हे यावे, ही मागणी आम्ही पगारवाढीच्या मागणीइतकीच महत्त्वाची मानतो.