मांजराच्या उंचीवरून शहर

बहुतेक व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याला सर्वांत आधी मिळतात ते हात. त्या हातांत तलवार असते, बंदूक असते किंवा गाडीचे चाक असते, आणि दार उघडण्यापासून शत्रूला लोळवण्यापर्यंतची सगळी कामे हातांनीच होत असल्यामुळे पडद्यावरचे जग मुख्यतः हाताळण्याचे जग होऊन बसते. गेल्या दहा-बारा वर्षांत साहसी खेळांची जी एक वेगळी शाखा जोमाने वाढली, तिने हे हात काढून घेतले आणि खेळणाऱ्याच्या वाट्याला मांजराचे, कोल्हिणीचे किंवा बिळात राहणाऱ्या एखाद्या प्राण्याचे शरीर दिले. या खेळांत गुणांची बेरीज गौण असते. प्रकाश, आवाज, ओल आणि सामसूम यांतून उभ्या राहिलेल्या जागेत वावरणे हाच त्यांचा गाभा असतो, म्हणून त्यांना वातावरणप्रधान साहसी खेळ म्हणता येईल. या शाखेतील सर्वाधिक गाजलेला खेळ म्हणजे ‘स्ट्रे’.

फ्रान्समधील माँपेलिए येथील ब्लूट्वेल्व्ह स्टुडिओ या छोट्या चमूने तयार केलेला हा खेळ अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्ह या अमेरिकी कंपनीने १९ जुलै २०२२ रोजी प्रकाशित केला. त्यातील नारिंगी पट्ट्यांच्या मांजराला नाव नाही. आपल्या सोबत्यांबरोबर जात असताना ते एका पाइपावरून घसरते आणि वरून बंद केलेल्या एका शहरात जाऊन पडते. तिथली माणसे केव्हाच नष्ट झालेली आहेत, आणि त्यांनी मागे ठेवलेले यंत्रमानव माणसांसारखेच कपडे घालून, दुकाने थाटून, गिटार वाजवून त्या अंधारात आयुष्य काढत आहेत. मांजराने पुन्हा उघड्या आकाशाखाली पोहोचावे एवढेच खेळाचे ध्येय आहे, आणि साधारण पाच-सहा तासांत ते गाठता येते.

हे शहर निव्वळ कल्पनेतून आलेले नाही. स्टुडिओच्या दोन्ही संस्थापकांना प्रथम ओढ लागली होती ती हाँगकाँगमधील काउलून तटबंदी नगराची. १८९८ साली ब्रिटनने चीनकडून आसपासचा प्रदेश भाडेपट्ट्याने घेतला तेव्हा हा जुना चिनी किल्ला त्या करारातून वगळला गेला, त्यामुळे तिथे नेमका कोणाचा अंमल चालतो हा प्रश्न पुढे कित्येक दशके लोंबकळत राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या निर्वासितांनी त्या पोकळीत घरे रचायला सुरुवात केली. जेमतेम २.७ हेक्टर जागेत १९८७ च्या पाहणीनुसार सुमारे ३३,००० माणसे राहत होती. जवळच काई ताक विमानतळ असल्यामुळे इमारतींना सुमारे १४ मजल्यांची मर्यादा पडली होती. त्या एकमेकींना इतक्या खेटून उभ्या होत्या की खालच्या बोळांत दिवसाही दिवे लावावे लागत, डोक्यावरच्या पाइपांतून पाणी ठिबकत राही, आणि गच्च्या एकमेकींना लागून असल्याने वरच्या वर एका इमारतीतून दुसरीत जाता येई. परवाना नसलेले दंतवैद्य आणि माशांचे गोळे बनवणारे छोटे कारखाने याच बोळांत चालत. १९९३-९४ मध्ये ही वस्ती पाडली गेली आणि तिच्या जागी १९९५ साली उद्यान उघडले.

अशा जागेतून हिंडायला माणसापेक्षा मांजर योग्य, हे या चमूने ओळखले, आणि इथेच खेळाचे खरे मर्म सापडते. जेकब फॉन युक्सक्यूल या जीवशास्त्रज्ञाने १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एकच खोली तीन वेळा दाखवली आहे: माणसाला जशी दिसेल तशी, कुत्र्याला जशी दिसेल तशी, आणि माशीला जशी दिसेल तशी. माणसाच्या खोलीत पुस्तकांचे कपाट आणि लिहायचे मेज यांना अर्थ आहे; कुत्र्याच्या खोलीत बसण्याच्या आणि खाण्याच्या वस्तू तेवढ्या उरतात; माशीला तर दिवा आणि ताटातले अन्न याखेरीज फारसे काही नाही. प्रत्येक प्राणी आपल्या शरीराला जे करता येते त्यानुसार भोवतालातून आपले विश्व वेचून घेतो, असा त्याचा सिद्धांत होता.

‘स्ट्रे’ मध्ये काउलूनच्या धर्तीवरील शहराच्या रूपाने त्या तीन खोल्यांना जणू चौथी, मांजराची आवृत्ती जोडली आहे. भिंतीबाहेर लटकणारे वातानुकूलन यंत्र, दुकानाच्या पाटीची वरची कड, खिडकीचा गज, बादली, केबलींचा जुडगा या वस्तू माणसाच्या नजरेला केवळ पसारा वाटतात, पण चार पंजे टेकण्याएवढी जागा शोधणाऱ्या शरीराला त्याच जिन्याच्या पायऱ्या होतात. उडीची रचनाही याच विचारातून आली आहे. इतर अनेक खेळांत उडीचा अंदाज चुकला की पात्र खोल दरीत जाते. इथे मात्र झेप घेण्याजोग्या जागेजवळ गेले की बटणाची खूण दिसते आणि ते दाबल्यावर झेप चुकत नाही. काही खेळाडूंना यात कौशल्याला वाव नाही असे वाटले. तरीही हा निर्णय योग्यच होता, कारण कठड्यावरून दर चार पावलांना धपकन खाली पडणारे मांजर हे मांजर वाटलेच नसते, आणि झेप जमेल की नाही ही चिंता संपल्यावरच झेप कुठे घ्यावी याकडे नजर वळते.

याहून मोलाच्या आहेत त्या वरवर निरुपयोगी वाटणाऱ्या कृती. एक बटण फक्त म्याव करण्यासाठी राखलेले आहे. गालिचा ओरबाडता येतो, यंत्रमानवाच्या पायांना अंग घासता येते, कडेला ठेवलेली वस्तू पंजाने ढकलून खाली पाडता येते, आणि मुटकुळे करून झोपले की कॅमेरा हळूहळू दूर जातो. पाठीवर प्रथमच पट्ट्याची पिशवी चढवली जाते तेव्हा मांजर सरळ आडवे होते. कागदी पिशवीत डोके अडकले की कंट्रोलरच्या दिशा उलटतात. यातल्या काही खोड्यांवर कोडीही उभारलेली आहेत. एका प्रसंगात दोन यंत्रमानव गच्चीवरून एकमेकांकडे रंगाचे डबे फेकत असतात. नेमक्या क्षणी म्याव केले की डबा हातातून निसटून खाली फुटतो, संतापलेला धोबी दार उघडून बाहेर येतो आणि मांजर आत शिरते. आतून मिळालेल्या साबणाच्या बदल्यात विजेच्या तारा मिळतात, एक यंत्रमानव आजी त्या तारांचा अंगरखा विणून देते, आणि तो थंडीने कुडकुडणाऱ्या एलियट या तंत्रज्ञाला दिला की तो हातातले काम करू शकतो. यंत्राला थंडी वाजावी आणि तारांनी ऊब मिळावी, ही कल्पना मनाला भिडणारी आहे.

खेळाची कमजोर बाजू तिथे उघडी पडते जिथे काढून घेतलेले हात परत दिले जातात. मांजराबरोबर बी-१२ नावाचे उडते यंत्र फिरते, जे पाट्या वाचते, बोलणे समजावते आणि वस्तू सांभाळते. कथा पुढे सरकायला त्याची गरज आहे हे मान्य करावे लागते. पुढे मात्र त्या यंत्राला झुर्क नावाच्या मांसभक्षक जिवाणूंना जाळणारे किरणास्त्र मिळते, आणि काही काळ हा खेळ इतर शेकडो नेमबाजीच्या खेळांसारखा होतो. शिवाय मांजराला लाल आणि हिरव्यातला फरक नीटसा कळत नाही, तर इथले लाल निऑन दिवे माणसाच्या डोळ्यांसाठीच पेटवलेले आहेत, आणि वासाला तर खेळात स्थानच नाही.

खेळणाऱ्याला प्राण्याच्या शरीरातच ठेवण्याच्या बाबतीत स्टॉकहोममधील माइट अँड डिलाइट या चमूचा २०१३ चा ‘शेल्टर’ अधिक कठोर आहे. त्यात खेळणारा बॅजर जातीच्या मादीच्या रूपात पाच पिल्लांना घेऊन जंगल पार करतो. पिल्लू उपाशी राहिले की त्याचा रंग उतरत जातो, त्यामुळे हाती लागलेला एकच कंद कोणापुढे टाकायचा याचा निर्णय मागे वळून, पिल्लांकडे निरखून पाहूनच घ्यावा लागतो. उघड्या माळावर वरून ससाण्यासारख्या पक्ष्याची सावली फिरली की उंच गवतात शिरण्यापलीकडे कोणताही उपाय नसतो, आणि गमावलेले पिल्लू परत मिळत नाही.

‘स्ट्रे’ ज्या दिवशी आला त्याच दिवशी बार्सिलोनाच्या हेरोबीट स्टुडिओजचा ‘एंडलिंग’ प्रकाशित झाला, आणि त्याला मिळाले त्याहून बरेच अधिक लक्ष मिळायला हवे होते. त्यातील कोल्हीण अंधार पडल्यावर अन्नासाठी आणि चोरीला गेलेल्या पिल्लाच्या मागावर बाहेर पडते. वास हा इथे हवेत तरंगणाऱ्या रंगीत रेघेच्या रूपाने दाखवला जातो, त्यामुळे नाकाने वाट काढण्याचा अनुभव डोळ्यांना निदान काही प्रमाणात मिळतो. रात्रीमागून रात्री त्याच वाटांनी फिरावे लागत असल्यामुळे आधी जिथे झाडी होती तिथे नंतर ओंडक्यांची रास लागलेली, जिथून पाणी वाहत होते तिथे कचरा साचलेला दिसतो. हे कोणी आणि कशासाठी केले हे सांगणारे बी-१२ सारखे यंत्र कोल्हिणीपाशी नाही. तिला फक्त पहाट होण्याआधी दुसरी वाट शोधून बिळाकडे परतायचे असते.