आकाश सर्वांचे, मग भाडे कशाचे?

घरात दूरचित्रवाणी संच आणणे ही एके काळी एकदाच करावयाची खरेदी होती. संच आला, गच्चीवर अँटेना उभी राहिली आणि टपाल कचेरीत वार्षिक परवाना शुल्क भरले की पुढे वर्षभर पाहण्यास वेगळा खर्च नव्हता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. त्यानंतरच्या जवळजवळ वीस वर्षांत मराठी घराने 'आमची माती आमची माणसं' पाहिले, 'गजरा' पाहिला, 'चिमणराव' पाहिला, आणि त्यासाठी कुणालाही दरमहा भाडे दिले नाही. आज संच आपला असतो, वीज आपली असते, भिंतही आपली असते. पाहणे मात्र भाड्याचे असते. विजेचे देयक वाढले तर आपण मीटर तपासतो. दूरचित्रवाणीचे मासिक शुल्क मात्र वर्षानुवर्षे बिनबोभाट भरले जाते. निश्चित वेतनावर चालणाऱ्या कुटुंबाने या भाड्याचा हिशेब एकदा तरी मांडला पाहिजे.

उपग्रहाद्वारे होणारे चित्रप्रक्षेपण आपल्या देशात व्यापार म्हणून आले नव्हते, याचा आता विसर पडला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' हा प्रयोग झाला. अमेरिकेकडून वापरावयास मिळालेल्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. गावातल्या सामायिक संचासमोर बसणाऱ्या प्रेक्षकाकडून त्यासाठी काही घेतले जात नव्हते. १९९१ नंतर चित्र पालटले. आखाती युद्धाची दृश्ये, पाठोपाठ स्टार, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये झी, आणि इमारतीवरून इमारतीवर लोंबणाऱ्या केबलच्या तारा हा सारा प्रवास दोन-तीन वर्षांत झाला. २००३ साली पहिली खासगी 'डीटीएच' सेवा आली. २०१२ च्या अखेरीस मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. प्रत्येक टप्प्यावर चित्र अधिक स्वच्छ झाले, वाहिन्यांची संख्या वाढली, आणि मासिक शुल्क ही गोष्ट निसर्गनियमासारखी गृहीत धरली जाऊ लागली.

१ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नवी दरपद्धती लागू केली. तिच्यामागील तत्त्व निःसंशय योग्य होते: ग्राहकाने हवी तीच वाहिनी घ्यावी आणि तिचेच पैसे द्यावेत. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये जोडणी शुल्क, त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत अशी ही रचना होती. प्रत्यक्षात बहुतेक घरांनी निवड केलीच नाही. कंपनीने बांधून दिलेले पॅकेज स्वीकारले. त्यात आठ वाहिन्या पाहावयाच्या आणि ऐंशी वाहिन्या नुसत्या ओलांडावयाच्या असा प्रकार असतो. २०२४ च्या जुलैमध्ये प्राधिकरणाने जोडणी शुल्कावरील कमाल मर्यादाही काढून टाकली. समजा, एखादे कुटुंब महिन्याला ३५० रुपये भरते. वर्षाचे ४,२०० आणि दहा वर्षांचे ४२,००० रुपये होतात. मुलाच्या तंत्रशिक्षणाचे एखादे वर्ष किंवा घरातील वृद्धांच्या औषधांचा मोठा भाग या रकमेत निघू शकतो.

या भाड्याला पर्याय आहे, आणि तो नवा नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते 'डीडी डायरेक्ट प्लस' या सेवेचे उद्घाटन झाले. तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. तीच सेवा आज 'डीडी फ्री डिश' या नावाने ओळखली जाते. छत्री, बॉक्स आणि बसविण्याची मजुरी मिळून साधारण दीड-दोन हजार रुपयांचा एकदाच होणारा खर्च. त्यानंतर मासिक शुल्क नाही, नूतनीकरण नाही, रिचार्ज संपला म्हणून ऐन बातम्यांच्या वेळी काळा पडदा नाही. चार कोटींहून अधिक घरांत ही सेवा पोचली आहे असा या उद्योगाचा अंदाज आहे. याच्या उलट, खासगी डीटीएच कंपन्यांचे ग्राहक २०२० साली सात कोटींच्या आसपास होते, ते आता सहा कोटींच्या खाली आले आहेत. त्यातले बरेचसे इंटरनेटकडे वळले हे खरे. पण इंटरनेटवरील मनोरंजनही शेवटी मासिक भाड्याचेच असते.

हा पर्याय स्वीकारू पाहणाऱ्याने काही व्यावहारिक गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जुनी गच्चीवरची अँटेना आता उपयोगाची नाही. दूरदर्शनने आपली जमिनीवरील जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे, मोजके अपवाद वगळता, २०२२ पर्यंत बंद केली. आता छत्री लागते, आणि ती ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहाकडे रोखावी लागते. महाराष्ट्रातून ही दिशा आग्नेयेची आहे. ज्यांच्या सदनिकेला केवळ उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे आकाश आहे, त्यांना सामायिक गच्चीची परवानगी घ्यावी लागेल. खासगी कंपनीची छत्री आधीच असेल, तर बहुधा तीच फिरवून घेता येते आणि केवळ बॉक्स नवा लागतो. मात्र त्या छत्रीची मालकी आपली की कंपनीची, हे पावतीवर पाहून घ्यावे. बॉक्स घेताना 'एमपीईजी-४' पद्धतीचाच घ्यावा, कारण जुन्या पद्धतीच्या बॉक्सवर सर्व वाहिन्या दिसत नाहीत. कोकणातल्या आषाढसरींत चित्र मधूनमधून जाईल. पण ते सशुल्क छत्रीवरही जाते. ज्यांना छत्री लावणे शक्यच नाही, त्यांनी केबलवर पॅकेज सोडून केवळ निःशुल्क वाहिन्या आणि त्यांच्या जोडीला नावाने निवडलेल्या एक-दोन सशुल्क वाहिन्या मागाव्यात. ही मागणी करण्याचा हक्क ग्राहकाला नियमांनीच दिला आहे.

आता या पर्यायात काय मिळते आणि काय मिळत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दूरदर्शनच्या सर्व वाहिन्या मिळतात, त्यात आपली 'सह्याद्री' आली. बातम्यांच्या, चित्रपटांच्या आणि संगीताच्या अनेक खासगी वाहिन्या मिळतात. क्रिकेटच्या बाबतीत तर येथे एक मौज आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे खासगी वाहिन्यांवर बंधनकारक केले. तथापि, हे प्रक्षेपण दूरदर्शनने केवळ आपल्या स्वतःच्या यंत्रणेवरून दाखवावे, खासगी केबल व डीटीएचच्या मार्गाने नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये दिला. परिणामी भारतीय संघाचा असा सामना विनाशुल्क छत्रीवर पाहता येतो आणि दरमहा पैसे मोजणाऱ्याला त्याच सामन्यासाठी वेगळ्या क्रीडावाहिनीचे शुल्क द्यावे लागते.

शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी याहून महत्त्वाची एक गोष्ट पाहावी. २०१७ साली 'स्वयंप्रभा' या शैक्षणिक वाहिन्या सुरू झाल्या. २०२० साली, शाळा बंद असताना, 'पीएम ई-विद्या' योजनेखाली बारा इयत्तांसाठी बारा वाहिन्या आल्या आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात त्यांची संख्या दोनशेवर नेण्याची घोषणा झाली. या वाहिन्या याच छत्रीवर दिसतात. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातील मुलीला अभ्यासाचे हे एक दार उघडे राहते. पण कोणत्या वाहिनीवर कोणत्या वेळी कोणता पाठ आहे, याचे मराठी वेळापत्रक किती शाळांच्या फलकावर लागते?

जे मिळत नाही तेही लहान नाही. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या वाहिन्या सशुल्क आहेत. रोज संध्याकाळी त्यांवरील मालिका पाहणाऱ्या कुटुंबाला ही छत्री समाधान देणार नाही. 'फक्त मराठी', 'शेमारू मराठीबाणा' यांसारख्या वाहिन्या या मंचावर आल्या. परंतु येथील जागा लिलावाने मिळते आणि लिलावात टिकणे हे ज्याच्या त्याच्या खिशावर अवलंबून असते. एकूण मंच हिंदीचा आहे आणि मराठीचा वाटा तुटपुंजा आहे.

याचे कारण समजून घेण्यासाठी 'मोफत' या शब्दाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. प्रेक्षक पैसे देत नाही, पण खासगी वाहिनी देते. या मंचावरील जागांच्या लिलावातून प्रसार भारतीला वर्षाकाठी शेकडो कोटी रुपये मिळतात. वाहिनी ती रक्कम जाहिरातींतून वसूल करते. म्हणजे प्रेक्षक आपला वेळ देऊन किंमत चुकवितो. जिथे जाहिरातदाराचे गिऱ्हाईक अधिक, तिथली भाषा लिलावात वरचढ ठरते. खासगी वाहिन्यांची निष्ठाही बाजारभावाइतकीच असते. २०१९ च्या मार्चमध्ये स्टार, झी, सोनी आणि व्हायकॉम समूहांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या येथून काढून घेतल्या. प्रेक्षक घटले तेव्हा पुढच्या वर्षी त्या परत आणल्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्या पुन्हा काढून घेतल्या. या मंचावर विनामूल्य दिसणारी वाहिनी अन्यत्रही निःशुल्कच असली पाहिजे, असे प्राधिकरणाने २०२४ साली ठरविले, हे योग्यच झाले. एकाला फुकट आणि शेजाऱ्याला विकत हा प्रकार त्यामुळे थांबावा.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल: दूरदर्शन हे सरकारचे ध्वनिक्षेपक आहे, ते कोण पाहणार? आक्षेप निराधार नाही. आणीबाणीचा अनुभव घेतल्यावर वर्गीज समितीने १९७८ साली स्वायत्त 'आकाश भारती'ची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि तो अमलात यायला १९९७ उजाडले. एवढ्या प्रतीक्षेनंतर मिळालेली स्वायत्तताही अपुरीच आहे. परंतु यावरचा उपाय त्या माध्यमाकडे पाठ फिरविणे हा नव्हे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्या खंडपीठाचे प्रमुख न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. या लहरींवर सरकारची किंवा खासगी कंपनीची मक्तेदारी असू नये आणि त्यांचे नियमन लोकहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाने करावे, हा त्या निकालाचा आशय आहे. मालमत्ता सार्वजनिक आहे. पण तिचे धनी गैरहजर आहेत. मराठी मध्यमवर्ग तीस वर्षांपूर्वी केबलच्या तारेबरोबर दूरदर्शनच्या अंगणातून निघून गेला. कार्यक्रम बिघडला तर केंद्राला पत्र लिहिणारा शिक्षक, संमेलनात ठराव मांडणारा ग्रंथपाल, वृत्तपत्रात टीका करणारा लेखक हे सारे त्याच्याबरोबर गेले. मागे उरलेल्या प्रेक्षकाला पैसे मोजायची ऐपत नाही, म्हणून त्याच्या आवडीनिवडीचीही किंमत नाही, असे गृहीत धरले गेले. सार्वजनिक शाळा आणि सार्वजनिक रुग्णालये यांच्या बाबतीत आपण हेच घडताना पाहिले आहे.

म्हणून खासगी छत्री उतरविणाऱ्याने केवळ वाचलेल्या रुपयांवर समाधान मानू नये. त्याने मागण्याही कराव्यात. प्रत्येक राज्यभाषेसाठी या मंचावर काही जागा लिलावाबाहेर राखून ठेवाव्यात. लिलावाच्या उत्पन्नातील निश्चित वाटा 'सह्याद्री'सारख्या प्रादेशिक वाहिन्यांच्या नव्या निर्मितीला द्यावा. शैक्षणिक वाहिन्यांचे मराठी वेळापत्रक प्रत्येक शाळेत पोचवावे. प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पणजीच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हा इंटरनेटवरील मंच सुरू केला. त्यावर मुंबई केंद्राचा जुना मराठी संग्रह नीट सूची करून खुला करावा. यांपैकी एकही मागणी अवाजवी नाही. ती करणारा प्रेक्षक मात्र तिथे असावा लागतो.

येत्या महिन्याचे शुल्क भरण्यापूर्वी घरातील सर्वांनी मिळून एक कागद घ्यावा आणि गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष पाहिलेल्या वाहिन्या त्यावर लिहाव्यात. सशुल्क किती आणि निःशुल्क किती, हे मोजावे. ज्यांचे उत्तर पॅकेजच्या बाजूने येईल, त्यांनी ते खुशाल ठेवावे. ज्यांचे तसे येणार नाही, त्यांनी छत्री आग्नेयेकडे वळवावी आणि मुंबई केंद्राला पहिले पत्र लिहावे.