रोहिणीचं पाणी शेवटी कुणाला मिळालं?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आपल्या वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. दिवसभर मजुरी करून आलेली माणसे, धुणीभांडी आटोपून आलेल्या माय-माउल्या, शाळकरी पोरे संध्याकाळी सतरंजीवर बसतात. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. यंदा नांदेडच्या एका वस्तीत आम्हीही असेच ऐकायला बसलो होतो. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आत वाचन रोहिणी नदीच्या प्रकरणावर आले होते.

शाक्य आणि कोलिय ही दोन राज्ये. मधून रोहिणी नदी वाहते. दोघेही तिच्याच पाण्यावर शेती करणारे. आधी कुणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावरून दरवर्षी भांडण. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा असताना दोन्हीकडच्या माणसांत मोठी मारामारी झाली. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने विरोध केला. चूक कुणाची याची आधी चौकशी करा, दोन माणसे आपली, दोन त्यांची आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाचजणांनी निवाडा करावा, असे त्याने सुचवले. संघाने ते मानले नाही. बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. सैन्यात जायला सिद्धार्थाने नकार दिला आणि त्यातूनच त्याने परिव्रज्या पत्करली. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडले ही परंपरेने चालत आलेली कथा बाबासाहेबांना पटली नाही. घर सोडण्याचे कारण त्यांनी पाण्याच्या भांडणात दाखवले.

वाचन थांबले, तशी मागच्या रांगेतली एक आजी म्हणाली, “मंग रोहिणीचं पाणी शेवटाला कुणाला भेटलं?”

वाचणारा तरुण गोंधळला. त्याने पाने उलटली आणि पुढचा भाग काढला. सिद्धार्थ गेल्यानंतर लोकांनीच युद्धाविरुद्ध आवाज उठवला. दोन्ही बाजूंचे पाच-पाच प्रतिनिधी बसले. रोहिणीच्या पाण्याचा प्रत्येक तंटा सोडवायला एक कायमचे लवाद मंडळ नेमायचे आणि त्याचा निर्णय दोघांनीही पाळायचा, असे ठरले. युद्ध टळले.

आजी म्हणाली, “म्हंजी पंच बसले. बरं झालं. पर आपल्या पाण्याला पंच कोण बसतंय? आपलं कुणी हाय का त्यात?”

त्या संध्याकाळी आणि पुढे लातूरच्या एका विहारात झालेली सगळी चर्चा या एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एकाच गोदावरीचे आपण शाक्यही आणि कोलियही

नांदेडकरांना रोहिणीची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचा वाद इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. गोदावरीवर महाराष्ट्राने बंधारा बांधला. खाली आंध्रचे, आता तेलंगणाचे, श्रीरामसागर धरण. आमचे पाणी अडवले, अशी त्यांची तक्रार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे, साठा २.७४ अब्ज घनफुटांपुरता ठेवायचा आणि १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडायचे. देखरेखीला तीन सदस्यांची समिती.

निकालावर नाराज असलेले शेतकरी आजही भेटतात. पावसाळ्यात डोळ्यांदेखत पाणी निघून जाते, मग बंधारा कशाला बांधला, असे ते विचारतात. त्यांचे दुःख खोटे नाही. पण त्याच गोदावरीवर वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण आहे. तिथे नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सुटत नाही म्हणून आपण मराठवाड्यातले लोक ओरडतो. वरच्यांनी खालच्यांचा वाटा सोडावा असा आदेश राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिला आणि समन्यायी वाटपाचे हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये उचलून धरले. पैठणला आपण खालचे, बाभळीला आपण वरचे. तिकडे न्याय मागताना जे बोलतो, ते इकडे देताना विसरून चालणार नाही. हे विहारात एका रिक्षावाल्या बंधूने सांगितले, तेव्हा बराच वेळ कुणी काही बोलले नाही.

रेल्वेने आलेले पाणी

पंधरा दिवसांनी आम्ही लातूरला गेलो आणि तिथल्या विहारात आजीचा प्रश्न पुन्हा मांडला. २०१६ चा उन्हाळा तिथे कुणीच विसरलेले नाही. बीड जिल्ह्यातल्या धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि शहराचे नळ बंद झाले होते. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींत पंचवीस लाख लिटर. शाळेच्या वयाची मुले रात्र-रात्र घागरींच्या रांगेत बसली. एक ताई म्हणाल्या, “त्या साली माझ्या पोरीचा अभ्यास रांगेतच झाला.”

मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक हिशोब केला. एक एकर उसाला पाटाने पाणी दिले, तर साधारण ८० लाख ते १ कोटी लिटर लागते. म्हणजे पन्नास वाघिणींची ती रेल्वे तीन-चार वेळा रिकामी केली, तेव्हा कुठे एक एकर ऊस उभा राहतो. एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जाते. दुसरीकडे, पंधरा लिटरच्या दहा घागरींवर पाच माणसांचे घर चालते. माणशी तीस लिटर झाले. शहरात माणशी १३५ लिटर मिळावे, असे सरकारचेच माप आहे.

हे ऐकून एक तरुण उसळून म्हणाला, “पाणी वाचवा, पाणी वाचवा असं आम्हालाच का सांगता? आमच्याकडं वाचवायला हाय काय?”

त्याचे खरे आहे. पण लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून एक वयस्कर बंधू बोलले. त्यांचे अर्धे आयुष्य ऊसतोडीत गेलेले. मुकादमाची उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बायकामुलांसह कारखान्याच्या वाटेला लागायचे. ते म्हणाले, “ऊस बंद करा म्हणाल, तर आमचा कोयता कुठं टेकवायचा?”

चर्चेतला खरा पेच हाच आहे. जो ऊस पाणी पितो, तोच आपल्या हजारो घरांना चार-पाच महिन्यांची मजुरी देतो. म्हणून “ऊस हटवा” ही घोषणा सोपी असली तरी पुरेशी नाही. धरणात पाणी किती आहे ते पाहून उसाचे क्षेत्र ठरवावे, आहे त्या उसाला ठिबक लावावे. तूर, हरभरा, ज्वारीला खात्रीचा भाव मिळावा आणि उसातून सुटणाऱ्या हातांना आधी काम मिळावे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आजी-आजोबांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. पाणी अडवण्याचे काम हे मजुराचेच काम आहे. त्याला दाम मिळाला तर कोयता टेकवायला जागा आहे. २०१६ च्याच पावसाळ्याअखेर मांजरा धरण भरले आणि ऊस पुन्हा वाढला. दुष्काळ विसरायला एक पाऊस पुरतो, हे लातूरने पाहिले आहे.

जगाच्या टोकालाही हीच रांग

हे केवळ मराठवाड्याचे दुखणे नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन या मोठ्या शहरात २०१८ साली माणशी दिवसाला पन्नास लिटरची मर्यादा घालावी लागली होती. बंगलेवाले आणि झोपडपट्टीवाले, दोघांनाही नियम एकच. पण झोपडपट्टीतली बाई सार्वजनिक नळावरून त्याहूनही कमी पाण्यात आधीपासूनच संसार करीत होती. जगाचे तापमान वाढते आहे. पाऊस कधी महिनाभर दडी मारतो, कधी एका रात्रीत कोसळतो. ज्यांच्या घरी ना मोटार ना कारखाना, त्यांनी हवा सगळ्यात कमी बिघडवली आणि पहिला फटका त्यांनाच बसतो. सगळ्या माणसांचे भवितव्य एकच आहे, हे म्हणणे बरोबर आहे. पण एकाच नावेत काहीजण माडीवर बसलेत आणि काहीजण तळाशी, हेही त्यासोबत सांगितले पाहिजे.

म्हणूनच २० मार्च १९२७ ची आठवण नुसत्या अभिवादनापुरती नाही. महाडच्या चवदार तळ्यावर आपण माणूस म्हणून समान आहोत, हे बाबासाहेबांनी ओंजळीभर पाण्याने सिद्ध केले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनीच दामोदर खोऱ्यासारख्या योजनांना चालना दिली. पूर अडवावा, शेतीला पाणी द्यावे, वीज करावी, आणि हे सगळे संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करून व्हावे, ही ती दृष्टी. तळ्यावर हक्क मिळवणारा नेता नदीचे नियोजनही करीत होता. आपण मात्र पहिल्या टप्प्यावरच थांबलो आणि वाटपाच्या बैठकीत आपली खुर्ची मागायची राहून गेली.

तर मग पंच कोण?

कालव्यावरच्या पाणी वापर संस्था २००५ च्या कायद्याने झाल्या, पण त्यांत सभासद तो, ज्याची लाभक्षेत्रात जमीन. भूमिहीनाला तिथे मत नाही. हा कायदा बदलावा म्हणून आवाज उठवलाच पाहिजे. पण ग्रामसभेत प्रत्येक मतदाराला बसता येते. गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या आणि दुर्बल घटकांनाही जागा ठेवलेल्या आहेत. त्या जागांवर आपल्या किती भगिनी आहेत? ज्या आहेत, त्यांना बैठकीची तारीख कळते का, की सही घ्यायला रजिस्टर घरी येते? हे प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारायचे, असे दोन्ही विहारांत ठरले.

घरापुरतेही काही ठरले. पाचशे चौरस फुटांच्या पत्र्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेचार हजार लिटर पाणी येते. म्हणजे तीनशे घागरी. विहाराच्या पत्र्याला पन्हाळ लावून ते पाणी टाकीत घ्यायचे आणि उरलेले बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचे. जयंतीला आणि लग्नाला प्लास्टिकच्या पाणीपुड्या व ग्लास आणायचे नाहीत. स्टीलचे पेले विहारातच ठेवायचे आणि मिळून धुवायचे.

यात नवे काही नाही. कोसंबीच्या उदेन राजाने भन्ते आनंदांना विचारले होते, इतक्या चिवरांचे तुम्ही करता काय? आनंद म्हणाले, जुन्या चिवरांचे पलंगपोस करतो, ते विरले की गादीचे अभ्रे, मग जमिनीवरचे आंथरूण, मग पायपुसणे, मग फडके आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत मिसळून भिंत लिंपतो. आपल्या आयांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्या याच शहाणपणातून. वर्षावास हा नियमही असाच आला. पावसात हिंडणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली आणि तथागतांनी ती मानली.

नांदेडची ती आजी पुढच्या ग्रामसभेला येणार नाही, कारण ती शहरात राहते. पण तिची सून गावी आहे आणि ती जाणार आहे, असा निरोप आम्हाला मिळाला. वाचकहो, अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपण्याआधी तुमच्याही विहारात एक संध्याकाळ या चर्चेला द्या. रोहिणीचे प्रकरण वाचा आणि आपल्या पाण्याला पंच कोण, हे एकमेकांना विचारा.

जय भीम!