आकाशातली न दिसणारी कडी

रेडिओवर बोलायला बसलोच आहे, तर गोष्टही रेडिओलहरींचीच सांगतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड माळावर आस्कॅप नावाची ३६ तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. २०१९ मध्ये तिने टिपलेल्या नकाशांत ॲना कापिन्स्का या संशोधक बाईंना एक फिकट, गोल कडे दिसले. पौर्णिमेच्या चंद्राच्या तिसाव्या भागाएवढे. त्याच जागी साध्या दुर्बिणीतून पाहिले, तर कडे गायब!

आधी संशय यंत्रावर गेला. पण दुसऱ्या दुर्बिणींतही ते उमटले. आणि असेच एक कडे चक्क आपल्या खोडदच्या जीएमआरटीने २०१३ मध्ये टिपून ठेवले होते. नारायणगावजवळच्या त्या ३० तबकड्यांची नोंद पुढे कुणी जुन्या कागदांसारखी चाळली, तेव्हा ते हाती लागले. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते.

मग ही कडी कशाची? फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष गोल दिसतात खरे, पण ते बहुतेक आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात सापडतात. ही कडी त्या पट्ट्यापासून दूर आहेत. शिवाय काही कड्यांच्या मधोमध एक लांबची दीर्घिका निघाली. तिच्या अंतरावरून कड्याची रुंदी मोजली, तर ती दहा लाख प्रकाशवर्षांच्या घरात गेली. आपली अख्खी आकाशगंगा जेमतेम एक लाखाची. एका ताऱ्याच्या स्फोटाचे हे काम नव्हे.

कुणी म्हणतात, दोन महाकाय कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, त्याचा हा धक्का. कुणी म्हणतात, कृष्णविवरातून निघालेले झोत आपल्याला समोरून दिसताहेत. मला पटते ते २०२४ मध्ये ॲलिसन कॉइल यांनी मांडलेले. हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणीतून त्यांनी खोडदच्याच कड्यामधली दीर्घिका तपासली. तिथे कधीकाळी ताऱ्यांच्या जन्माचा नुसता हंगाम आला होता. मोठे तारे लवकर जळतात, फुटतात. त्यातून वायूचे वारे सुटतात. ते बाहेरच्या विरळ वायूवर आदळले की धक्क्याची लाट पसरत जाते आणि तिच्यात वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन रेडिओलहरी सोडतात. तो हंगाम सरून सुमारे शंभर कोटी वर्षे झाली, लाट मात्र अजून दिसते.

पण २०२५ मध्ये मुंबई विद्यापीठाचे आनंद होता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकांना छेदणारी दोन कडी शोधली. त्यांच्या मते तिथले वारे कृष्णविवराच्या परिसरातून सुटले असावेत. सगळ्या कड्यांची आई एकच असेल, असे आता म्हणवत नाही.